डावीकडचं हँडल

आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी, असं माझी आई म्हणायची. सांगलीच्या घरात आम्ही अकरा माणसं होतो आणि मोरी एकच, म्हणून म्हणायची. मला त्या म्हणीचा खरा अर्थ कळला तो लखनौत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या स्वतःच्या घरात. आणि तेही घरात माणसं दोनच असताना!

आमच्या ह्यांना गेल्या श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला. हे म्हणजे विश्वास, माझे मालक. रेल्वेत इंजिनियर होते, चौतीस वर्षं पूल तपासत हिंडले. झटक्यानं उजवा हात, उजवा पाय गेला आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. हिंदी आणि इंग्रजी तर साफ पुसली गेली. ज्या माणसानं आयुष्यभर साहेबलोकांना इंग्रजीत रिपोर्ट लिहिले, त्याला 'पानी' म्हणता येईना. मराठी तेवढी राहिली, तीही मोजूनमापून, एका वेळी एक शब्द. जीभ जड झालेली, त्यामुळे अक्षरं अर्धी गिळली जायची. शिवाय शब्दांची अदलाबदल व्हायची. कंगवा हवा असला की चमचा म्हणायचे. एकदा चपला मागितल्या आणि मी चपला आणून दिल्यावर इतके चिडले! हवा होता चहा.

मग मीच ठरवायला लागले, ह्यांना काय म्हणायचंय ते. तोंडातून शब्द निघायच्या आत मी वस्तू हातात द्यायची. माझा स्वभाव मुळात उतावळा. एक काम दोनदा सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, ह्यांना ते माहीत आहे.

दिवाळीत ह्यांना थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग आहे, पाणी फार कमी पोटात जातंय. मी म्हटलं, अहो असं कसं, मी सकाळी तांब्या भरून ठेवते! मग लक्ष ठेवलं, तेव्हा कळलं. दुपारी चारनंतर हे पाण्याला शिवत नव्हते. मी पेला दिला की ओठाला लावायचे आणि मी पाठ फिरवली की तुळशीच्या कुंडीत. तुळस मात्र काय तरारली होती त्या दिवसांत!

कारण विचारायची गरज नव्हती. संडासला जायचं तर मी लागायची. मीच काखेत हात घालून उभं करायची, एक पायरी चढवायची, नाडी सोडायची, बसवायची आणि पडतील म्हणून तिथंच समोर उभी राहायची. तेवढा वेळ हे डोळे मिटून घ्यायचे. बायको झाले म्हणून काय झालं! जो माणूस कधी माझ्यासमोर बनियनवर जेवायला बसला नाही, त्याला हे किती जड जात असेल. डॉक्टरांनी निघताना सांगितलं की पुन्हा असा संसर्ग झाला तर नळी घालावी लागेल, आणि ती कदाचित कायमचीच. हे समोरच पडले होते. बोलता येत नव्हतं, पण ऐकू तर सगळं येत होतं.

आठवड्यातून दोनदा निगार यायची. ती फिजिओथेरपिस्ट, सडपातळ मुलगी, स्कूटीवरून यायची आणि माझ्या लेकीपेक्षा, मंजिरीपेक्षाही लहान. तिला मी ही पाण्याची भानगड सांगितली. ती म्हणाली, "आंटी, आप इनका हाथ मत पकड़िए। इन्हें पकड़ने के लिए कुछ दीजिए।"

मला रागच आला. म्हटलं, चार महिने मी धरतेय, ते काय मग? माझी कंबर मोडली, ती काय उगीच? पण तिनं ऐकून घेतलं आणि पर्समधून टेप काढून सरळ आमच्या संडासात शिरली. आमचं घर जुन्या पद्धतीचं. संडास वेगळा, अरुंद, दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर भिंती, आत शिरायला एक उंच पायरी आणि दार आत उघडणारं. निगारनं कागदावर सगळं लिहून दिलं. पायरी काढून उतार करा. दार बाहेर उघडेल असं फिरवा, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडणार नाही. देशी भांडं काढा, उंच कमोड बसवा. आणि डाव्या भिंतीला स्टीलचं मजबूत हँडल लावा, कारण ह्यांचा डावाच हात चालतो. एवढं झालं की महिन्याभरात अंकल एकटे जातील, असं ती म्हणाली.

एकटे जातील म्हटल्यावर ह्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की मला मान वळवावी लागली.

मिस्त्री मिळाला इश्तियाक म्हणून. टाइल आणि नळ दोन्ही करायचा. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि बोलणं असं अदबीचं की त्याच्यावर ओरडायची सोयच नाही. "आप फ़िक्र न करें, आंटी जी, बाबूजी के लिए ऐसा बनाएँगे कि ये भी याद करेंगे।" मी म्हटलं, आठवण ठेवायची वेळ येऊ देऊ नकोस, नीट कर म्हणजे झालं.

चार दिवस घरात नुसता धुरळा. पण काम चोख झालं. पायरी गेली, उतार आला. दार फिरलं. कमोड बसला. हे रोज व्हीलचेअर बोळात लावून घ्यायचे आणि तिथून बघत बसायचे. उतार झाला तेव्हा डाव्या हाताची बोटं पसरून हवेत जरा खाली केली. मला वाटलं, माशी हाकलतायत. इश्तियाकला कळलं. त्यानं उतार आणखी दोन बोटं कमी केला. मला न विचारता!

पाचव्या दिवशी फक्त हँडल राहिलं होतं. मंजिरीनं ते बेंगळुरूहून मागवून पाठवलं होतं. मंजिरी आमची एकुलती एक. जन्म लखनौचा, शाळा लखनौची, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. तिचा फोन आला की घरात दोन भाषा समोरासमोर बसतात.

त्या दिवशी ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. मी इश्तियाकला बजावलं, "बैठने के बाद बायाँ हाथ. बाएँ दीवार पर. समझे?" तो म्हणाला, "जी, बिल्कुल।" ह्यांना म्हटलं, "मी कपूरथल्याच्या बाजारात जाऊन गोळ्या आणते, तुम्ही लक्ष ठेवा." म्हटलं आपलं, बोलायची पद्धत म्हणून. खरं तर हे लक्ष ठेवू शकतील, असं मला वाटतही नव्हतं.

ई-रिक्षा चौकात पाऊण तास अडकली. घरी आले तेव्हा काम उरकलेलं. इश्तियाक फरशी पुसत होता. मी आत डोकावले आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. हँडल उजव्या भिंतीला!

"अरे भैया, यह क्या किया? बाएँ बोला था ना मैंने!"

तो उभा राहिला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "आंटी जी, हम बाएँ ही लगा रहे थे। एहतियातन बाबूजी से पूछ लिया। बाबूजी ने ख़ुद कहा, दाईं। हमने फिर पूछा, तो फिर कहा, दाईं।"

मी बोळात ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अहो, तुम्ही ह्याला उजवीकडे लावायला सांगितलंत?"

हे म्हणाले, "डावी."

"आता डावी आठवतेय! तेव्हा काय झालं होतं?"

"डावी," हे पुन्हा म्हणाले. मान जोरानं हलवली. डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थापटी मारली. "डावी! डावी!"

"पुरे हो," मी म्हटलं. "कंगव्याला चमचा म्हणता ते चालतं. भिंतीला भोकं पडली ना आता! कळत नव्हतं तर गप्प बसायचं, मी येईपर्यंत थांबायचं. कुणी सांगितलं होतं साहेबगिरी करायला?"

मी हे सगळं मिस्त्रीसमोर बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. इश्तियाकला मराठी कळत नाही, पण आवाज कुणालाही कळतो. त्यानं खाली बघितलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग हात मांडीवर ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली.

इश्तियाक म्हणाला, हरकत नाही, दुसऱ्या भिंतीलाही लावू, पण आणखी एक हँडल लागेल, कारण हे काढलं तर टाइल फुटेल. आणि उद्या त्याला काकोरीला भाचीच्या निकाहला जायचं होतं. चौथ्या दिवशी येतो म्हणाला. दुष्काळात तेरावा महिना! पण भाचीचं लग्न म्हणजे काय बोलणार?

त्या दिवसानंतर हे बोललेच नाहीत. एक शब्द नाही. चमचा नाही, चप्पल नाही. मी जेवण भरवायला गेले तर ताट स्वतःकडे ओढून डाव्या हातानं खाल्लं, अर्धं सांडलं. निमोना केला होता, ताज्या मटारचा, ह्यांना जीव की प्राण. दोन घास खाऊन ताट सरकवलं. आणि पाणी? पाणी दुपारी बारापासूनच बंद. मी पेला घेऊन समोर बसले, म्हटलं, माझ्यादेखत प्या. ओठ घट्ट मिटून घेतले. मी आधी रागावले, मग गोड बोलले, मग म्हटलं, "नळी घालायचीय का तुम्हाला? तेच हवंय का?" ह्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी मंजिरीचा व्हिडिओ कॉल आला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबांना आता उजवं-डावं पण कळेनासं झालंय गं."

ती म्हणाली, "तो आई, उनसे पूछा ही क्यों? आप ही सब डिसाइड कर लीजिए ना। उनको क्यों परेशान करना।"

ती बोलली ते मायेनंच. पण फोन स्पीकरवर होता आणि हे पलंगावर दोन हातांवर होते. मी फोन ठेवला तेव्हा ह्यांचं तोंड भिंतीकडे होतं, आणि खांदा हलत होता. मी जवळ गेले नाही. खरं सांगते, माझी हिंमत झाली नाही. चौतीस वर्षं ह्यांच्या एका सहीवर पुलावरून गाड्या धावल्या, आणि आता भिंत कुठली तेही ह्यांना विचारायचं नाही, असं आम्ही मायलेकींनी दोन मिनिटांत ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी गडद पिवळी झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन इश्तियाकला फोन लावला. पलीकडे ढोलक, बायकांची गाणी, पोरांचा आरडाओरडा. त्याला नीट ऐकू जात नव्हतं, आणि मला धीर नव्हता.

"इश्तियाक भैया, आज ही आ जाओ!"

"आंटी जी, आज तो रुख़सती है, लड़की की विदाई। कल सुबह हाज़िर होते हैं।"

"कल आओगे तो फिर गलत मत लगाना!" मी ओरडले. राग चढला की माझी हिंदी फाटते, पहिल्यापासूनच. अर्धी ह्या किनाऱ्याला, अर्धी त्या. "अरे, डावी तरफ लगाना था, डावी! कितनी बार बोलूँ? डावी!"

इश्तियाक अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "जी, तो दाईं ही तो लगाया है, आंटी जी। उस रोज़ आपने बाईं कहा था। बाबूजी ने दाईं कहा था। अब आप भी दाईं कह रही हैं।"

मी म्हणाले, "मैं दाईं कहाँ बोली? मैं तो..."

आणि तिथंच थांबले. गॅसवर दूध उतू गेलं, तेही नुसती बघत राहिले.

डावी. दाईं. ह्यांच्या जड जिभेतून 'ड'चा 'द' होतो, 'वी' अर्धी गिळली जाते. आणि आत भिंतीशी, ड्रिल हातात घेऊन उभा असलेला माणूस लखनौचा. त्याला काय ऐकू येणार? मराठीतली डावी त्याच्या कानात जाऊन उजवी झाली. ह्यांनी बरोबर सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. आणि मला, मी समोर उभी असताना, शुद्ध मराठीत, आणखी चार वेळा सांगितलं होतं. मी मराठी बाई, मला 'डावी' ऐकूही आलं होतं. तरी मी विश्वास ठेवला तो इश्तियाकवर. का? तर त्याची जीभ धड आहे म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि इथं तर चोर मीच!

"हेलो? आंटी जी? सब ख़ैरियत?" इश्तियाक विचारत होता.

"सब ठीक है," मी म्हटलं. "गलती आपकी नहीं है. बाबूजी की भी नहीं है. कल आओ."

मग गॅस बंद केला, हात धुतले आणि ह्यांच्याकडे गेले. हे पलंगाला टेकून बसले होते. मी समोर खुर्ची ओढली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवून बोलायची मला सवयच नाही.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी बरोबर सांगितलं होतंत. डावीच म्हणाला होतात. त्या मेल्याला दाईं ऐकू आलं."

हे माझ्याकडे बघत राहिले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून सहजी निघत नाही, हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत! "मी तुमचं ऐकलंच नाही. मिस्त्रीसमोर बोलले, पोरीसमोर बोलले. मला वाटलं, ह्यांचं तोंड चुकतं म्हणजे डोकंही चुकतं. नाही चुकत. माझंच चुकलं."

आणि मग मला रडू आलं. पदरानं डोळे पुसले. मग ह्यांचा ओठ एका बाजूनं वर गेला, उजवी बाजू काही हलत नाही, तेवढंच अर्धं हसू. म्हणाले, "दाई."

"काय?"

"दाई," पुन्हा म्हणाले, आणि खांदे हलवत हसायला लागले. डावी, दाईं, सगळं ह्यांना कळलं होतं, माझ्याआधी की माझ्याबरोबर, देव जाणे. हसता हसता ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "हसा, हसा! माझी फजिती झाली की तुमच्या अंगावर मूठभर मांस चढतं!"

त्या दिवशी दुपारी हे अर्धा पेला पाणी प्यायले. पूर्ण नाही. मी आग्रह केला नाही.

चौथ्या दिवशी इश्तियाक आला, लग्नाच्या मिठाईचा डबा आणि नवं हँडल घेऊन. मी त्याला डावी आणि दाईं समजावून सांगितलं. त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या, आणि ह्यांच्यासमोर वाकून म्हणाला, "बाबूजी, माफ़ी चाहते हैं। आपने सही फ़रमाया था, हमारे कान लखनौवा निकले।" हे पुन्हा अर्धं हसले.

मग मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम केलं. तोंड बंद ठेवलं.

इश्तियाकनं आणि मी ह्यांना आत नेलं आणि झाकण लावलेल्या कमोडवर बसवलं. मी बाहेर येऊन बोळात उभी राहिले. ह्यांनी डावा हात उचलला. भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, एकदा इथं, एकदा तिथं, कान देऊन. एका टाइलखाली पोकळ वाजलं, तिथं बोट आडवं हलवून नाही म्हणाले. मग हात जिथं आपोआप पडत होता, तिथं ठेवला. निगारनं कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा ते चांगलं तीन बोटं खाली होतं. माझ्या जिभेवर आलंच होतं, अहो तिनं वर सांगितलंय. गिळलं. इश्तियाकनं त्या हाताभोवती पेन्सिलनं खूण केली. हे म्हणाले, "तिरकं." आणि हातानं दाखवलं, पुढचं टोक जरा वर. इश्तियाकला शब्द कळला नाही, हात कळला. "वाह, बाबूजी," तो म्हणाला, "उठते वक़्त ज़ोर सही लगेगा।"

तासाभरात हँडल बसलं. चोवीस तास हात लावायचा नाही म्हणाला. मग उजव्या भिंतीवरच्या जुन्या हँडलकडे वळून त्यानं मला विचारलं, "आंटी जी, यह वाला निकाल दें? टाइल चटकेगी, मगर नई लगा देंगे।"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "बाबूजी से पूछिए।"

हे आता व्हीलचेअरमध्ये होते, बोळात. इश्तियाकनं त्यांना विचारलं. ह्यांनी मान हलवली. "नको. राहू दे."

"अहो, तुम्हाला त्याचा काय उपयोग?" मी म्हटलं. राहवलंच नाही शेवटी.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. शब्द शोधायला वेळ लागला, ओठ दोनदा हलले. मी चमचा आणून दिला नाही, चप्पल आणून दिली नाही. थांबले.

"तुझं," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग ह्यांनी हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, आणि माझ्या गुडघ्याकडे बोट केलं.

माझे गुडघे गेले वर्षभर दुखतायत. मी कुणाला बोलले नव्हते. बोलून काय करणार, ह्यांना उचलायला दुसरं होतं कोण? देशी भांड्यावरून उठताना मी नळाला धरायची, आणि तो नळ ह्यामुळेच दोनदा ढिला झाला होता, हेही मी इश्तियाकला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, कुणाला माहीत नाही. हे रोज बोळात बसून तो नळ बघत होते. आणि मी समजत होते, ह्यांना काही कळत नाही.

"रहने दीजिए," मी इश्तियाकला म्हटलं, आणि आत चहा टाकायला गेले, नाहीतर त्याच्यासमोरच रडले असते.

त्या संध्याकाळी साडेसहाला ह्यांनी तांब्याकडे बोट दाखवून म्हटलं, "पाणी." मी पेला भरून दिला. सगळा प्यायले. आणखी अर्धा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीस तास उलटून गेल्यावर हे स्वतःच उठायला लागले. डाव्या हातात चार पायांची काठी. मी बाजूनं चालत होते. निगार म्हणाली होती, बाजूनं चाला, पण धरू नका. उतारावर पोचल्यावर माझा हात सवयीनं काखेत गेला. ह्यांनी थांबून कोपरानं तो बाजूला केला. जोरानं नाही, पण केला. आत गेले. काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हातानं हँडल पकडलं. पकडलं म्हणजे अशी मूठ वळली, की मीच श्वास सोडला.

"दार," हे म्हणाले.

मी दार लावून घेतलं. बाहेर उभी राहिले. आत कपड्यांची सळसळ झाली, मग काहीतरी भिंतीवर आपटलं. काठी असावी.

"अहो, पडलात का?"

मी दाराला कान लावला.

"अहो! झालं का? येऊ का आत?"

"पद्मा," आतून आवाज आला. झटक्यानंतर माझं नाव ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच, आणि अगदी स्वच्छ. एक अक्षर गिळलं नाही.

"काय हो?" माझा हात कडीवर.

"जा."

असा राग आला मला! चार महिने ज्या माणसाला मी उचललं, बसवलं, पुसलं, तो मला जा म्हणतो! आणि त्याच वेळी किती बरं वाटलं! मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी उभी राहून पोटभर रडले, मग डोळे पुसून कांदा चिरायला घेतला.

थोड्या वेळानं पाणी सोडल्याचा आवाज आला. मी हाक मारली नाही.